मोटार जळाली असेल तर एक दाबा : छोट्या दुकानासाठी फोन मेनू आणि निरोपाची पेटी

हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी देण्याचे दिवस आले की मोटार रिवाइंडिंगच्या, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारीला नवी तार गुंडाळून देणाऱ्या, दुकानातला फोन थांबत नाही. मिस्त्रीच्या एका हातात तांब्याची तार असते, दुसऱ्या हाताने तो स्टेटरच्या (मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या) खाचेत इन्सुलेशनचा कागद सारत असतो, बोटे वॉर्निशने चिकट झालेली असतात, आणि तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल वाजतो. तार अर्ध्यावर सोडली तर वेढ्यांची मोजणी चुकते, म्हणून फोन वाजून वाजून बंद पडतो. पलीकडचा शेतकरी वावरात विहिरीच्या काठावर उभा असतो आणि त्याला बहुधा एवढेच विचारायचे असते, "झाली का माही मोटार?" संध्याकाळी हात धुऊन मिस्त्री मोबाइल पाहतो तेव्हा पडद्यावर मिस्ड कॉलची लांबलचक यादी असते, त्यातला कोणता फोन नव्या कामाचा, कोणता तयार मोटारीच्या चौकशीचा आणि कोणता निव्वळ चुकून लागलेला, हे त्या यादीवरून कळत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील एका बाजारगावात अशाच एका दुकानासाठी मी फोन मेनू आणि व्हॉइसमेलची व्यवस्था बसवून दिली. फोन कोणी उचलला नाही तर यंत्र उचलते, दोन-तीन पर्याय ऐकवते, ग्राहकाने दाबलेल्या आकड्यानुसार त्याला योग्य त्या पेटीकडे नेते आणि तिथे त्याचा निरोप त्याच्याच आवाजात साठवून ठेवते. या मेनूला आयव्हीआर म्हणतात. कृषी सेवा केंद्र, संत्र्याची रोपवाटिका, ट्रॅक्टर दुरुस्तीचे दुकान किंवा शेतकरी उत्पादक कंपनी यांपैकी कोणालाही ती उपयोगी पडेल, पण माझी एक अट आहे आणि ती मी सुरुवातीलाच सांगतो : मेनूतील प्रत्येक आकड्यामागे निरोप ऐकणारा एक माणूस आणि ऐकण्याची एक वेळ ठरलेली असली पाहिजे. ती ठरत नसेल, तर तो आकडा मेनूत ठेवू नये.

आकडा दाबल्यावर नेमके काय होते, हे समजून घेतले तर पुढच्या अडचणी सोडवणे सोपे जाते. फोनवरील प्रत्येक बटणासाठी दोन सूर ठरलेले आहेत. बटणांच्या आडव्या ओळींसाठी ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ हर्ट्झ, तर उभ्या रकान्यांसाठी १२०९, १३३६ आणि १४७७ हर्ट्झ. पाच हा आकडा दुसऱ्या ओळीत आणि मधल्या रकान्यात असल्यामुळे तो दाबला की ७७० आणि १३३६ हर्ट्झचे दोन सूर एकाच वेळी निघतात, आणि पलीकडचे यंत्र ती जोडी ओळखून "पाच" असे समजते. अमेरिकेतील बेल टेलिफोनने १९६३ साली ही पद्धत ग्राहकांसाठी सुरू केली. दोन सुरांची जोडी निवडण्याचे कारण असे की माणसाच्या बोलण्यात नेमकी तशी जोडी सहजासहजी तयार होत नाही, त्यामुळे कोणी बोलत असताना यंत्राचा आकडा दाबल्याचा गैरसमज होण्याची शक्यता फार कमी राहते. आजच्या मोबाइलवर मात्र हा सूर आपल्या हातातील फोन आवाजाच्या वाटेने पाठवत नाही. "अमुक बटण दाबले" असा संदेश तो नेटवर्कला देतो आणि सूर पुढे नेटवर्क तयार करते. इंटरनेटवरून जाणाऱ्या फोनमध्येही हे आकडे आवाजापासून वेगळे काढून पाठवण्याची पद्धत आहे, कारण आवाज दाबून लहान करताना सूर बिघडू शकतात. म्हणून "मी दोन दाबले, तरी काहीच झाले नाही" अशी तक्रार आली तर ग्राहकाला दोष देण्याआधी सेवा देणाऱ्या कंपनीला आकडे ओळखण्याची सेटिंग तपासायला सांगावी.

त्याहून मोठी अडचण बोटांची आहे, आणि ती मी प्रत्यक्ष पाहिली. बटणांच्या साध्या फोनवर आकडे कायम समोर असतात. टच-स्क्रीनचा फोन कानाला लावला की पडदा काळा होतो. तो कानापासून दूर करावा लागतो, मग पडद्यावर कीपॅडचे चिन्ह शोधावे लागते, ते दाबल्यावर आकडे दिसतात, आणि तोवर इकडे यंत्राची वाट पाहण्याची वेळ संपलेली असते. दुकानात आलेल्या एका काकाजींना मी फोन लावून पाहायला सांगितले तेव्हा त्यांनी फोन खाली घेतला, चष्मा खिशातून काढला, डोळ्यांवर चढवला आणि मग कीपॅड शोधू लागले. माझी पाच सेकंदांची मुदत त्यांचा चष्मा नाकावर टेकण्याआधीच संपली होती. त्या दिवशी मी मुदत बारा सेकंदांवर नेली आणि दुसरीही एक गोष्ट बदलली : काहीच दाबले नाही तर मेनू एकदा पुन्हा ऐकवायचा, आणि तरीही काही दाबले गेले नाही तर फोन न तोडता ग्राहकाला थेट सर्वसाधारण निरोपाच्या पेटीत न्यायचे. ज्याला आकडा दाबता येत नाही, त्यालाही बोलता येतेच. चुकीचा आकडा दाबणाऱ्यालाही हाच नियम लावावा.

ही व्यवस्था उभी करण्याचे दोन मार्ग प्रामुख्याने आहेत. पहिला म्हणजे आपल्याच संगणकावर ॲस्टरिस्कसारखी मुक्त प्रणाली बसवणे. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ साली तयार केलेली ही प्रणाली विनाशुल्क मिळते आणि तिच्यात हवे ते करता येते, पण फोनची जोडणी परवानाधारक कंपनीकडूनच घ्यावी लागते, आणि संगणक, राउटर व इंटरनेट ही तिन्ही चोवीस तास चालू ठेवावी लागतात. ज्या गावात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही, तिथे दुकानात बसवलेले यंत्र नेमके गरजेच्या वेळी बंद पडणार. म्हणून आपल्या भागासाठी मी दुसरा मार्ग सुचवतो : एक्झोटेल, नॉलॅरिटी, मायऑपरेटर यांसारख्या क्लाउड टेलिफोनी कंपन्यांकडून एक क्रमांक भाड्याने घेणे. यात मेनू आणि निरोप कंपनीच्या सर्व्हरवर राहतात, गावात वीज नसली तरी फोन उचलला जातो, आणि मेनूची रचना संकेतस्थळावर चौकटी जोडून करता येते. क्रमांक घेताना दुकानाची आणि मालकाची ओळखपत्रे द्यावी लागतात. करार करण्याआधी दोन प्रश्न आवर्जून विचारावेत : निरोप किती दिवस साठवले जातात, आणि मराठीत स्वतः रेकॉर्ड केलेला आवाज चढवता येतो का.

बहुतेक दुकानांची खरी अडचण वेगळीच असते. जुना क्रमांक पाटीवर रंगवलेला असतो, बिलबुकावर छापलेला असतो आणि दहा गावांतील लोकांच्या फोनमध्ये "मोटारवाले भाऊ" या नावाने साठवलेला असतो. तो बदलण्याची गरज नाही. मोबाइलमध्ये कॉल फॉरवर्डिंगची सोय असते आणि तिच्यात "उचलला नाही तर", "व्यस्त असेल तर" आणि "संपर्काबाहेर असेल तर" अशा तीन अटी वेगवेगळ्या लावता येतात. फोन किती वेळ वाजल्यावर पुढे पाठवायचा, हे पाच सेकंदांच्या टप्प्यांनी तीस सेकंदांपर्यंत ठरवता येते. आम्ही वीस सेकंद ठेवले. म्हणजे फोन आधी मिस्त्रीकडेच वाजतो, त्याचे हात मोकळे असतील तर तोच बोलतो, आणि नसतील तर वीस सेकंदांनंतर फोन भाड्याच्या क्रमांकावर, म्हणजे मेनूकडे जातो. पुढे पाठवलेल्या फोनचा खर्च दुकानाच्या क्रमांकावर पडू शकतो, तेव्हा आपल्या रिचार्जमध्ये तो धरला आहे का हे मोबाइल कंपनीला विचारून घ्यावे.

ही जोडणी फोनच्या सेटिंगमधून किंवा कंपनीच्या ग्राहक सेवेकडून करावी. अनोळखी माणसाने फोनवर सांगितलेला कोड कधीही दाबू नये. एखाद्याला स्टार चारशे एक हॅश आणि पुढे ठगाचा क्रमांक दाबायला लावून त्याचे सगळे फोन, अगदी बँकेचे ओटीपी सांगणारे फोनसुद्धा, स्वतःकडे वळवून घेण्याची ठगबाजी वाढल्यामुळे दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून यूएसएसडी कोडद्वारे, म्हणजे स्टार-हॅशचे असे कोड दाबून, होणारे कॉल फॉरवर्डिंग पुढील आदेशापर्यंत बंद ठेवण्यास कंपन्यांना सांगितले.

या रचनेत एक खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडलो. मेनूत "थेट बोलायचे असेल तर शून्य दाबा" असा पर्याय ठेवला आणि शून्याला मिस्त्रीचा तोच जुना क्रमांक जोडला. ग्राहकाने शून्य दाबले, मिस्त्रीचा फोन वाजला, त्याने उचलला नाही, वीस सेकंदांनी तो फॉरवर्ड होऊन पुन्हा मेनूकडे आला, आणि ग्राहकाला पहिल्यापासून "नमस्कार भाऊ" ऐकू आले. शून्यामागे नेहमी वेगळा क्रमांक हवा, ज्यावर फॉरवर्डिंग लावलेले नाही असा. आमच्याकडे तो मिस्त्रीच्या मुलाचा आहे, आणि त्यानेही उचलला नाही तर फोन निरोपाच्या पेटीत जातो.

मेनूत काय असावे, हे संगणकासमोर बसून ठरत नाही. आम्ही आठवडाभर एक वही फोनजवळ ठेवली आणि प्रत्येक फोन कशासाठी आला ते एका शब्दात लिहिले : जळाली, झाली का, भाव, इतर. आठवड्यानंतर असे दिसले की "झाली का" हीच चौकशी सर्वांत जास्त होती, आणि "जळाली" हे फोन संख्येने कमी असले तरी सर्वांत घाईचे होते. म्हणून मेनूत घाईच्या कामाला पहिला आकडा दिला आणि गर्दीच्या चौकशीला दुसरा. स्पेअर पार्टच्या भावासाठी वेगळा आकडा ठेवण्याचा मालकाचा आग्रह होता, परंतु भाव सांगणारा माणूस तोच आणि सांगण्याची वेळही तीच असल्यामुळे त्या आकड्याने काहीच साधले नसते, म्हणून तो काढला. एक, दोन आणि शून्य एवढे तीन पर्याय पुरले. मेनूच्या आत मेनू तर मुळीच करू नये; दुसऱ्या पायरीवर पोहोचेपर्यंत माणसाला पहिली पायरी आठवत नाही.

आता भाषेविषयी. तयार मिळणारी वाक्ये बहुधा अशी असतात : "कृपया आपल्या समस्येच्या स्वरूपानुसार योग्य पर्यायाची निवड करावी." हे वाक्य व्याकरणात बरोबर असले तरी बांधावर उभ्या असलेल्या माणसाला त्यातून काय करायचे ते कळत नाही. आमच्या मेनूत मिस्त्रीच्या पत्नीने स्वतःच्या आवाजात असे सांगितले : "नमस्कार भाऊ, मोटारीच्या दुकानातून बोलतो आमी. मोटार जळली असन तं एक दाबा. झाली का नाई हे इचाराचं असन तं दोन दाबा. आमच्याशी बोलाचं असन तं शून्य दाबा." यात आधी काम आणि मग आकडा असा क्रम आहे. तो फार महत्त्वाचा आहे, कारण ऐकणारा आपले काम ऐकू आल्यावरच आकड्याकडे लक्ष देतो. "एक दाबा" हे आधी सांगितले तर कामाचे नाव ऐकेपर्यंत आकडा विसरलेला असतो. मराठीची "असेल तर" ही रचना हा क्रम आपोआप सांभाळते, त्याचा उपयोग करून घ्यावा. वऱ्हाडी वापरावी की प्रमाण मराठी, हा प्रश्न मला विचारला गेला. माझे मत असे की दुकानात ग्राहकाशी जी भाषा बोलली जाते तीच फोनवर असावी. ज्या भागात हिंदी बोलणारे ग्राहक बरेच आहेत, तिथे शेवटी एक हिंदी वाक्य जोडावे, आणि मेळघाटात दुकान असेल तर कोरकू बोलणाऱ्या कामगाराकडून तेच शब्द कोरकूत रेकॉर्ड करून घ्यावेत. "भाषा निवडा" अशी वेगळी पायरी मात्र टाळावी.

ओळखीच्या आवाजाचा आग्रह मी आणखी एका कारणासाठी धरतो. शेतकऱ्यांना यंत्राचा आवाज नवा नाही. शेतीच्या सल्ल्यासाठी १८००-१८०-१५५१ या क्रमांकाचे किसान कॉल सेंटर २१ जानेवारी २००४ पासून चालू आहे. पण "तुमचा मोबाइल क्रमांक दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी नऊ दाबा" असे सांगणारे ठगांचे फोनही यंत्राच्याच आवाजात येतात, आणि त्यामुळे अनोळखी, गुळगुळीत आवाज ऐकला की शहाणा माणूस फोन ठेवून देतो. तो ठेवतो ते योग्यच करतो. म्हणून पहिल्या वाक्यात दुकानाचे नाव आणि गाव ओळखीच्या आवाजात यावे, आणि मेनूत किंवा निरोपात ओटीपी, आधार क्रमांक, यूपीआय पिन यांपैकी काहीही कधीही मागू नये.

रेकॉर्डिंगसाठी स्टुडिओ लागत नाही. साध्या फोन कॉलमध्ये आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, त्याच्या वरचे सारे गळते, आणि "स", "श" यांसारख्या वर्णांमधील फरक नेमका त्या वरच्या भागात असतो. त्यामुळे महागड्या मायक्रोफोनपेक्षा सावकाश आणि स्पष्ट बोलणे अधिक कामाचे. ग्राइंडर, पंखा आणि रस्ता यांपासून दूर, गाद्या-गोधड्या ठेवलेल्या खोलीत मोबाइलवर रेकॉर्ड करावे, कारण कापड आवाजाचा घुमा शोषून घेते. फाइल मोनो (एकाच वाहिनीची) आणि सेकंदाला ८००० नमुने या स्वरूपात करून चढवली की फोनवर ती जशी हवी तशी वाजते. मेनू वाजत असतानाच आकडा दाबता आला पाहिजे, हेही तपासावे. ॲस्टरिस्कमध्ये यासाठी "प्लेबॅक"ऐवजी "बॅकग्राउंड" ही आज्ञा वापरतात, कारण पहिलीत संदेश संपेपर्यंत आकडा ऐकला जात नाही.

आता निरोपाची पेटी, म्हणजे व्हॉइसमेल. आपल्याकडे ती फारशी रुजली नाही. मिस्ड कॉल रुजला. त्यामुळे समोर माणूस नसताना बोलायचे ही कल्पनाच अनेकांना अवघड वाटते. आमच्या पेटीतील पहिल्याच दिवसाचा एक निरोप चाळीस सेकंदांचा होता, आणि त्यात एक आजोबा "हॅलो... हॅलो... कोन बोलते?" एवढेच पुन्हा पुन्हा विचारत होते. ते उत्तराची वाट पाहत होते. त्यांचा आवाज ऐकून मला मनापासून वाईट वाटले, कारण चूक आमच्या सूचनेची होती. मग सूचना अशी केली : "आता आमी ऐकत नाई, तुमचं बोलनं साठून राह्यते. सकाळी ऐकून आमीच फोन करू. तुमचं नाव, गाव, मोटार किती एचपीची, आन् बोअरची का विहिरीची, एवढं सांगा. टों वाजला का मंग बोला. झालं का फोन ठेवून द्या." यानंतर निरोप नीट येऊ लागले. फोन करणाऱ्याचा क्रमांक यंत्र नोंदवतेच, पण शेजाऱ्याच्या फोनवरून बोलणारेही असतात, म्हणून "या फोनवर करायचा नसन तं नंबर दोनदा सांगा" एवढे आणखी जोडले.

पेटीच्या सेटिंगमध्ये तीन आकडे ठरवायचे असतात. निरोपाची कमाल लांबी नव्वद सेकंद पुरते. बोलणे थांबल्यावर किती वेळाने रेकॉर्डिंग बंद करायचे, हे फार कमी ठेवू नये. गावाचे नाव सांगून एचपी आठवण्यासाठी थांबलेल्या माणसाचा निरोप मध्येच तुटतो, म्हणून आठ ते दहा सेकंद द्यावेत. आणि तीन सेकंदांहून छोटे निरोप टाकून द्यावेत, पण तो क्रमांक मिस्ड कॉलच्या यादीत राहील याची खात्री करावी. पेटीचा पिन पहिल्याच दिवशी बदलावा, १२३४ असा तर कधीच ठेवू नये.

वेळेची अट ही या व्यवस्थेतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे. अनेक ठिकाणी कृषिपंपांना थ्री-फेज वीज आलटून पालटून दिवसा आणि रात्री मिळते. रात्रपाळीला व्होल्टेज पडले किंवा एक फेज गेला तर मोटार उरलेल्या दोन फेजांवर ओढत राहते आणि जळते. त्यामुळे सर्वांत घाईचा फोन रात्री अकराला येतो, जेव्हा दुकान बंद असते. मेनूला वेळ सांगता येते : सकाळी नऊ ते सायंकाळी सात या वेळेत तीन पर्याय ऐकवायचे, आणि त्यानंतर पर्याय न ऐकवता थेट "दुकान बंद आहे, निरोप ठेवा, सकाळी आठ वाजता फोन येईल" असे सांगून पेटीत न्यायचे. बाजाराच्या दिवशी आणि पोळ्याला वेगळी सूचना लावता येते. पण "आठ वाजता फोन येईल" हे वाक्य रेकॉर्ड करण्याआधी मी मिस्त्रीच्या पत्नीला विचारले, "वहिनी, आठ वाजता खरंच ऐकणार कोण?" त्या म्हणाल्या, "मीच ऐकन. शेण-पानी झालं का आठलेच मोकळी होतो मी." तेव्हाच ते वाक्य मेनूत गेले. आता त्या रोज आठला एक आणि शून्य या पेट्यांतील निरोप ऐकतात, वहीत नाव, गाव आणि एचपी लिहितात आणि परत फोन करतात. "झाली का" या दुसऱ्या पेटीतील निरोप मुलगा दुपारी दोन वाजता ऐकतो, कारण त्या दिवशी कोणत्या मोटारी तयार होतील हे तोवर स्पष्ट झालेले असते. ऐकलेला निरोप काम होईपर्यंत ठेवावा आणि नंतर पुसावा. आवाज आणि क्रमांक ही त्या माणसाची खासगी माहिती आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर ती जपून वापरणे हे सौजन्यापुरते राहिलेले नाही.

पाटीवर काही बदलण्याआधी व्यवस्था आठवडाभर तपासावी. एक फोन बटणांच्या फोनवरून, एक टच-स्क्रीनवरून, एक नेटवर्क कमी असलेल्या वावरातून आणि एक रात्री अकरा वाजता करावा. एकदा चुकीचा आकडा दाबावा, एकदा काहीच दाबू नये, एकदा बोलता बोलता मध्येच थांबावे. त्यानंतर वहिनींनी सकाळी आठला लिहिलेली वही उघडून त्या प्रत्येक फोनची ओळ तिथे सापडते का, हे बोट ठेवून मोजावे. आमच्या पहिल्या तपासणीत वावरातून केलेल्या फोनची ओळ सापडली नाही. मिस्त्रीच्या मोबाइलवर "संपर्काबाहेर असेल तर" ही फॉरवर्डिंगची अट लावायची राहून गेली होती. आमचा फोन गेला तेव्हा मिस्त्री बोअरमधून मोटार काढायला नेटवर्क नसलेल्या शिवारात गेलेला होता. ती अट त्याच दुपारी लावली.